सेमेलवाइसच्या आधी: अ‍ॅबर्डीनचा तक्ता

सूतिकाज्वराचा इतिहास म्हटला की आपण थेट १८४७ च्या व्हिएन्नात जाऊन उभे राहतो. क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावणारे सेमेलवाइस, न ऐकणारे वरिष्ठ आणि अखेर १८६५ मध्ये मनोरुग्णालयात जखम चिघळून आलेला मृत्यू. कथा खरी आहे, परंतु तिचा आरंभ तेथून करणे मला मान्य नाही. ५२ वर्षे मागे, स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनला चला.

तत्पूर्वी रोगाविषयी. प्रसूतीनंतर गर्भाशयाचा आतील भाग म्हणजे एक मोठी उघडी जखमच असते. पूयजनक जीवाणू, विशेषतः साखळीसारखा दिसणारा स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिस, तेथे पोहोचला की काही दिवसांतच हुडहुडी भरून ताप येतो, पोट असह्य दुखते, उदरपोकळीत पू साठतो. जीवाणू रक्तात पसरले की बाळंतीण वाचणे कठीण. त्वचेवर धावरे उठवणाराही हाच जीवाणू. हा तपशील पुढे लागणार आहे.

डॉ. अलेक्झांडर गॉर्डन हे नौदलात काम करून आलेले वैद्य. १७८९ ते १७९२ या काळात अ‍ॅबर्डीनमध्ये सूतिकाज्वराची साथ आली आणि त्यांनी एक साधी गोष्ट केली: नोंद ठेवली. १७९५ च्या त्यांच्या ग्रंथात ७७ स्त्रियांचा तक्ता आहे. रुग्णेचे नाव, वय, राहण्याचे ठिकाण, परिणाम आणि प्रसूती कोणी केली त्याचे नाव. या शेवटच्या रकान्यात तीच ती नावे पुन्हा पुन्हा येतात. कोणती सुईण येणार हे कळले की कोणती बाई आजारी पडेल हे आपण आधीच सांगू शकत होतो, असे गॉर्डन लिहितात. आपण स्वतःही हा संसर्ग अनेक स्त्रियांपर्यंत नेला, हेही त्यांनी छापून टाकले. शहरात त्याच वेळी धावऱ्याची साथ होती, हा संबंध त्यांच्या नजरेतून सुटला नाही. कपडे जाळा किंवा धुरी द्या, शुश्रूषा करणाऱ्यांनी अंग धुवावे, हा त्यांचा सल्ला होता.

शहर खवळले. गॉर्डन पुन्हा नौदलात गेले आणि १७९९ मध्ये क्षयाने वारले.

‘तेव्हा जीवाणूच ठाऊक नव्हते, मग लोकांनी मानायचे तरी कसे?’ हा युक्तिवाद मला पटत नाही. गॉर्डन यांनाही जीवाणू ठाऊक नव्हते. त्यांना कागद आणि दौत पुरली. अडचण पुराव्याची नव्हती. येथे पुरावा म्हणजेच आरोप होता. १८४३ मध्ये बोस्टनच्या ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी हेच मांडले, तेव्हा फिलाडेल्फियाचे प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स मेग्ज यांचे उत्तर काय, तर डॉक्टर हे सभ्य गृहस्थ असतात आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छच असतात! याला विज्ञानाचा अभाव म्हणणे फार उदारपणाचे होईल.

मात्र गॉर्डन यांनाही मी निर्दोष नायक करणार नाही. ते सपाटून रक्त काढत आणि जुलाब देत. त्या उपचारांचाही लोकांना राग होता. शिवाय तक्त्यात सुईणींच्या नावांना रकाना होता, त्यांच्या म्हणण्याला नव्हता. ज्यांची उपजीविकाच शेजारपाजारच्या विश्वासावर चालते, त्यांचे नाव असे छापले जाणे म्हणजे काय, याचा विचार आपण इतिहासाचे विद्यार्थी क्वचितच करतो. गॉर्डन यांना परतायला नौदल तरी होते.

१८७९ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीत पाश्चर यांनी फळ्यावर या जीवाणूची साखळी काढून दाखवली. १९३६ मध्ये लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक यांनी प्राँटोसिल हे सल्फा औषध वापरले आणि सूतिकाज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने घटू लागले. अ‍ॅबर्डीनचा तक्ता छापून तेव्हा १४१ वर्षे झाली होती.