आपलीच चरबी, मग भीती कशाची?

कोराडीहून रोज नागपूरला कॉलेजात येत असाल, तर बसमधला वेळ मोबाइलवर जातो हे काही वेगळं सांगायला नको. त्यात एखादं ‘बिफोर-आफ्टर’ रील चुकून पूर्ण पाहिलं की झालं, पुढचा आठवडाभर तेच! सध्या त्यात एक शब्द सारखा येतो, फॅट ट्रान्सफर. पोटाची नाही तर मांडीची चरबी काढायची आणि बसलेल्या गालांत, डोळ्यांखाली किंवा नितंबांत भरायची. सोबत एक वाक्य ठरलेलं: “बाहेरचं काहीच नाही, तुमचीच चरबी!”

हे वाक्य खोटं नाही, पण अर्धंच आहे.

कल्पना जुनी आहे. गुस्ताव नॉयबर या जर्मन सर्जननं 1893 मध्ये रुग्णाच्या दंडातली चरबी चेहऱ्यावरच्या खोल व्रणाखाली भरली होती. भाजलेल्या, अपघातातल्या किंवा कॅन्सरच्या ऑपरेशननंतरच्या रुग्णांना या तंत्राचा खरंच उपयोग होतो. चरबी स्वतःची असल्यामुळे शरीर ती परकी म्हणून नाकारत नाही. ‘तुमचीच’ या शब्दाचा फायदा मात्र इथेच संपतो. काढलेल्या चरबीचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. नव्या जागी तो पुन्हा मिळाला तर ती जगते, नाही तर विरघळते. म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत दिसणारे गाल सहा महिन्यांनी तसेच असतील असं नाही, आणि बरेचदा दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं. उरलेली चरबी तुमच्या वजनासोबत वाढते, कमीही होते.

खरा धोका सुई कुठे जाते यात आहे. चरबीचा कण रक्तवाहिनीत शिरला तर तो फुप्फुसापर्यंत पोहोचू शकतो. चेहऱ्यावर, विशेषतः कपाळ आणि नाकाच्या आसपास, असं झालं तर दृष्टी जाऊ शकते. हे क्वचित घडतं, पण घडलं की परत फिरता येत नाही. नितंबांच्या शस्त्रक्रियेत मृत्यूचं प्रमाण तीन हजारांत एक इतकं असू शकतं, असा इशारा 2018 मध्ये प्लास्टिक सर्जनांच्याच आंतरराष्ट्रीय संघटनांनी दिला. ब्रिटनमधल्या संघटनेनं तर त्या वर्षी सदस्यांना ती करूच नका असं सांगितलं. एका सौंदर्याच्या ऑपरेशनसाठी हा आकडा छोटा नाही.

मे 2022 मधली बातमी आठवते का? चेतना राज ही 21 वर्षांची कन्नड मालिकांतली अभिनेत्री. बेंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिचा मृत्यू झाला. ती घरी न सांगता गेली होती, असं आईवडिलांनी नंतर सांगितलं. चरबी काढणं म्हणजे फॅट ट्रान्सफरचा पहिला अर्धा भाग. मला यात जास्त टोचतं ते ‘घरी न सांगता’. आपल्याकडेही हे असंच होतं. “काहून, काय कमी हाय तुह्या तोंडात?” हे ऐकायला लागू नये म्हणून आपण मैत्रिणीला घेऊन जातो. पण रात्री दोन वाजता श्वास लागला तर निर्णय कोण घेणार?

सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं स्पष्ट केलं की कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूब पाहून सौंदर्योपचार शिकता येत नाहीत. म्हणजे तसं करणारे होते! शिवाय 2002 च्या नियमांप्रमाणे डॉक्टरनं जाहिरात करून रुग्ण ओढणं अनैतिक आहे. ‘आज बुक करा, ईएमआय सुरू’ हे रील त्या नजरेनं पुन्हा पाहा.

पैशांचं थोडक्यात सांगतो. जन्मजात दोष किंवा अपघातामुळे बिघडलेलं दुरुस्त करायचं असेल तर जीएसटी नाही, केवळ दिसण्यासाठी असेल तर लागतो. आरोग्य विमाही दिसण्यासाठीचा खर्च देत नाही. मुरुमांच्या खोल खड्ड्यांमुळे चारचौघांत मान वर न करणारी मुलगी या दोन खान्यांपैकी कुठे बसते, हे मात्र कायद्याला विचारू नका. तिच्या निर्णयाला हसण्याचा हक्क कुणालाच नाही.

कोराडीची जगदंबा दिवसात तीन रूपं घेते, सकाळी बालिका, दुपारी तरुणी, संध्याकाळी वृद्धा, असं भाविक मानतात. आपलेही चेहरे बदलतातच, आणि वीस वर्षांचा चेहरा अजून बदलतोच आहे. त्यातून हातभर अंतरावरून काढलेला सेल्फी फसवतो. फूटभरावरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे 30 टक्के रुंद दिसतं, असं 2018 च्या एका अमेरिकन अभ्यासात आढळलं. नाक रुंद दिसलं की गाल बसलेले वाटायला किती वेळ लागतो? दुसऱ्या कुणाला पाच फुटांवरून फोटो काढायला लावा, तो बघा.

तरीही करायचंच असेल तर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक विचारा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत तपासा. प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का, भूलतज्ज्ञ कोण, जवळ आयसीयू कुठे, हे तोंडावर विचारा. विचारल्यावर चिडणाऱ्याकडे थांबू नका. आणि पैसे भरण्याआधी नागपूरच्या मेडिकलमध्ये जा. तिथे प्लास्टिक सर्जरी विभाग आहे आणि त्यांना तुम्हाला पॅकेज विकायचं नाही. रांगेत अर्धा दिवस जाईल. जाऊ द्या.