दोन समुद्रांची पेठ : कोरिंथ

ग्रीसच्या मुख्य भूमीला पेलोपोनीस द्वीपकल्पाशी जोडणारी एक चिंचोळी भूपट्टी आहे. तिची रुंदी जेमतेम ६ किलोमीटर. तिच्या पूर्वेस सारोनिक आखात, पश्चिमेस कोरिंथचे आखात. या मोक्याच्या जागी प्राचीन कोरिंथ नगरी भरभराटीस आली. केंक्रिया बंदरात आशियाकडील गलबते लागत, तर लेखायन बंदरात इटलीकडील. दक्षिणेकडील मालिया भूशिराला वळसा घालणे वादळांमुळे जिवावरचे असे. म्हणून व्यापारी आपला माल कोरिंथमार्गे नेत. इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास येथे ‘दिओल्कोस’ हा फरसबंद मार्ग झाला. त्यावरून माल, आणि प्रसंगी जहाजेही, ओढून एका समुद्रातून दुसऱ्या समुद्राकडे नेली जात. जकातीने नगरीचे भांडार भरले.

या भूमीच्या मालकीची एक पुराणकथा आहे. समुद्रदेव पोसायडन आणि सूर्यदेव हेलिओस यांच्यात तिच्यासाठी तंटा लागला. शतबाहू ब्रिआरेओस लवाद झाला. त्याने सखल भूपट्टी समुद्रदेवाला दिली आणि नगरीवरचा अक्रोकोरिंथ हा उंच डोंगर सूर्यदेवाला. दोघांनीही निवाडा मानला. पुढे त्याच पट्टीवर पोसायडनच्या सन्मानार्थ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडा भरू लागल्या.

दुसरी कथा येथील राजा सिसिफसची. तो कमालीचा धूर्त. त्याने मृत्यूलाही फसवले. शिक्षा म्हणून त्याच्या वाट्याला एक शिळा आली. ती डोंगरमाथ्यावर ढकलत न्यावी आणि तिने पुन्हा खाली गडगडावे, असे अनंतकाळ.

इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमन सेनानी मुम्मिउस याने कोरिंथ जिंकले. पुरुषांची कत्तल झाली, स्त्रिया व मुले गुलाम म्हणून विकली गेली. भरलेले भांडार कोणालाही वाचवू शकले नाही. सुमारे शतकभर नगरी उजाड राहिली, इ. स. पूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरने ती पुन्हा वसवली. सम्राट नीरोने इ. स. ६७ मध्ये आरंभून अर्धवट राहिलेला कालव्याचा संकल्प अखेर १८९३ मध्ये सिद्धीस गेला.

श्रावकाच्या अणुव्रतांत परिग्रहपरिमाण सांगितले आहे. संपत्ती मिळवू नये, असे ते व्रत म्हणत नाही. मर्यादा आधी ठरवावी, एवढेच सांगते. आपला वाटा ओळखून दोन देवांचा तंटा मिटला. मर्यादा न मानणाऱ्या राजाच्या हाती मात्र शिळाच उरली. वाटणीच्या वेळी घराघरांत आठवावी, अशी ही कथा आहे.