शिंगांची मोजणी आणि पिकांची नासाडी

चाळीसगावहून कन्नडकडे जाणारा रस्ता ज्या डोंगररांगेतून वर चढतो, तेथील अभयारण्याचे नाव ‘गौताळा औट्रमघाट’ असे आहे. सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. वन्य प्राण्यांना अभय देण्यासाठी राखलेल्या या भूमीला ज्याचे नाव चिकटले, तो जेम्स औट्रम हा खानदेशच्या इतिहासातील सर्वांत नामांकित शिकारी होता. १८२५ साली भिल्ल पलटण उभारण्यासाठी हा तरुण लेफ्टनंट खानदेशात आला आणि धरणगाव हे पलटणीचे ठाणे झाले. पुढील दहा वर्षांत त्याने स्वतः १९१ वाघ मारले, असे त्याचे चरित्रकार अभिमानाने नोंदवितात. शिकाऱ्याची थोरवी आकड्यांत मोजण्याची प्रथा खानदेशाला अशी दोनशे वर्षांपासून परिचित आहे.

हा इतिहास आज उकरून काढण्याचे कारण वेगळे आहे. खरीप अंगावर आला, की सातपुड्याच्या पायथ्याच्या आणि तापीकाठच्या शिवारांतून रोह्यांच्या म्हणजे नीलगायींच्या कळपांविषयी आणि रानडुकरांविषयी तक्रारी उठू लागतात. मका, कापूस, हरभरा, केळीची नवी लागवड, काहीच सुटत नाही. रात्ररात्र राखण करणारा शेतकरी संतापाने म्हणतो, ‘शिकार खुली करा’. त्याच्या या संतापावर शहरी सुशिक्षितांपैकी काहीजण एक मोहक युक्तिवाद चढवितात. अमेरिकेत हौशी शिकाऱ्यांकडून पैसे घेऊन, वाटाड्यांच्या सोबतीने हरणांची शिकार करू देतात. त्या पैशावर जंगलेही राखली जातात आणि जमीनमालकालाही उत्पन्न मिळते. मग आपल्याकडे तसे का होऊ नये, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न वेडगळ नाही. म्हणूनच त्याचे उत्तर भावनेने न देता हिशोबाने द्यावयास हवे.

इंचांचा हिशोब

अमेरिकेतील ही शिकार मुख्यतः पांढऱ्या शेपटीच्या हरणाची. या जातीच्या नराची शिंगे आपल्या सांबर-चितळांप्रमाणे भरीव, फाटे फुटलेली आणि दरवर्षी गळून पुन्हा उगवणारी असतात. काळवीट व नीलगाय यांची शिंगे पोकळ आणि जन्मभराची. मराठीत दोहोंनाही शिंगच म्हणतात. गळणाऱ्या शिंगांचा आकार नराचे वय, चारा आणि वंश यांवर ठरत असल्यामुळे मोठे शिंग म्हणजे पोक्त, धष्टपुष्ट नर, असे समीकरण शिकाऱ्यांनी बांधले. लंडनच्या रोलंड वॉर्डने १८९२ साली जगभरच्या शिकारींच्या मापांचे नोंदपुस्तक काढले. थिओडोर रूझवेल्टच्या पुढाकाराने १८८७ साली स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने १९५० साली गुणांकनाची आजची पद्धत बसविली. शिंगे साठ दिवस वाळू द्यावयाची. मग मुख्य दांड्यांची लांबी, दोन दांड्यांमधील अंतर, प्रत्येक फाट्याची लांबी आणि ठरावीक ठिकाणचे घेर इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजून बेरीज करावयाची. डाव्या-उजव्या बाजूंत तफावत असेल, तर ती वजा करावयाची. नेहमीच्या घडणीच्या शिंगांना १७० गुण मिळाले, तर त्यांना क्लबच्या कायम नोंदपुस्तकात स्थान. कॅनडातील सॅस्कॅचेवान प्रांतात १९९३ साली एका शेतकऱ्याने मारलेल्या नराचे गुण २१३ पूर्णांक पाच अष्टमांश भरले आणि तो जागतिक विक्रम ठरला.

या वेडामागे एक गंभीर बाजूही आहे, हे नाकारता येणार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ही हरणे पाच लाखांच्या आसपासच उरली होती, असा अंदाज आहे; आज ती कोट्यवधींत आहेत. शिकारीला हंगाम बांधून दिला, परवान्यांची संख्या ठरविली आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका व दारूगोळा यांवरील कराचा पैसा वन्यजीवांकडे वळविला. यांचा त्या पुनरुज्जीवनात मोठा वाटा होता.

पण मापालाच मोल आले, की मापाची शेती सुरू होते. टेक्ससमध्ये उंच कुंपणांच्या आत निवडक नरांपासून पैदास करून, पौष्टिक खाद्य घालून प्रचंड शिंगांची हरणे वाढविली जातात आणि शिकारीसाठी विकली जातात. खुद्द बून अँड क्रॉकेट क्लब अशा कुंपणातल्या शिकारीची नोंद घेत नाही. ही कल्पनाही अमेरिकेने नव्याने शोधलेली नव्हे. जुन्या खानदेशच्या राजधानीत, बुऱ्हाणपुरास, तापीपलीकडे मोगलांचा ‘आहूखाना’ होता. आहूखाना म्हणजे हरणे राखण्याची जागा. उलट, मोकळ्या रानात मोठ्या शिंगांचेच नर वेचून मारण्याचा परिणाम काय होतो, हे कॅनडातील आल्बर्टा प्रांतातल्या रानमेंढ्यांवरील संशोधनाने २००३ साली दाखवून दिले. पिढ्यान्‌पिढ्या उत्तम नर मारले गेल्यामुळे तेथील मेंढ्यांची शिंगेच आखूड होत गेली होती.

टेक्सस आणि रावेर

या युक्तिवादाचा खरा कस लागतो तो रावेर-यावलच्या शिवारात. आपली नीलगाय गेल्या शतकात टेक्ससमधील किंग रँचवर नेऊन सोडण्यात आली आणि आज तेथे पैसे मोजून तिची शिकार होते. जे जनावर तेथे उत्पन्न देते, तेच येथे उपद्रव ठरावे, हा विरोधाभास सकृद्दर्शनी चक्रावून टाकणारा आहे. परंतु त्याचे रहस्य जनावरात नसून जमिनीत आहे. किंग रँचचा विस्तार सव्वाआठ लाख एकरांचा. परदेशातून आणलेल्या जनावरांवर तेथे जमीनमालकाची सत्ता चालते. मांसही बाजारात विकता येते. खानदेशातील शेतकऱ्याजवळ चार-पाच एकर. रोह्यांचा कळप रात्री एकाच्या शेतात चरतो आणि दिवसा दुसऱ्याच्या बांधाआड किंवा वनखात्याच्या हद्दीत बसतो. हौशी पाहुण्याने मोजलेले पैसे यांपैकी कोणाच्या पदरात पडावयाचे? पाकिस्तानात मारखोर या रानबकऱ्याच्या शिकारीचे परवाने लाखो डॉलरांना जातात आणि त्यातील ऐंशी टक्के रक्कम स्थानिक गावांना देण्याची व्यवस्था आहे. पण तेथे डोंगर गावाच्या वहिवाटीत असतो आणि परवाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. कळपांचा उपद्रव निवारण्याचे ते साधनच नव्हे.

याहून मूलभूत अडचण अशी, की हौशी शिकाऱ्याला हवे असलेले जनावर आणि शेतकऱ्याला नको असलेले जनावर ही दोन वेगळी आहेत. हौशी शिकाऱ्याला हवा असतो शिंगाळ नर, शक्यतो सांबर किंवा काळवीट. शेतकऱ्याला नको असतो माद्या-पिलांनी वाढत जाणारा रोह्यांचा कळप आणि रानडुकरांची टोळी. रोह्याच्या नराची शिंगे वीतभरच, मादीला तर ती नसतातच. शंभर नर मारले, तरी माद्या शिल्लक असेपर्यंत कळप पूर्ववत होतो. आणि ज्यांची शिंगे भिंतीवर शोभतील, ते सांबर-काळवीट खानदेशात आधीच विरळ झाले आहेत. तेव्हा शिंगांच्या बाजाराने शेतकऱ्याचा प्रश्न सुटण्याची शक्यता नाही. दुसरा प्रश्न उभा राहण्याची शक्यता मात्र पुष्कळ.

माग कोणी काढला?

तो दुसरा प्रश्न न्यायाचा आहे. औट्रमच्या नावावर १९१ वाघ लागले. पण रानाची वाट कोणी दाखविली, माग कोणी काढला, हाका कोणी घातला? रान जाणणारे होते ते भिल्ल. त्यांची नावे कोणत्याही नोंदपुस्तकात नाहीत. स्वातंत्र्यानंतरही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रारंभी परवान्याने शिकारीची मुभा होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती परवानापद्धती रद्द झाली. शिकार व शिकारीची चिन्हे सरकारी मालमत्ता ठरली. जुन्या वाड्यांतल्या आणि बंगल्यांतल्या भुसा भरलेल्या मुंड्यांसाठी मात्र २००३ साली त्या जाहीर करून कायदेशीर करून घेण्यास १८० दिवसांची मुदत मिळाली. यावल अभयारण्यालगतच्या पाड्यावरील पावरा किंवा भिल्ल माणसाने आपोआप गळून पडलेले सांबराचे शिंग घरी आणून ठेवले, तर तो गुन्हेगार ठरू शकतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना वनोपजांचे हक्क दिले. परंतु शिकारीचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. वन्यजीव टिकावयाचे, तर हे बंधन आवश्यकच आहे. पण जे बंधन भुकेल्याने पाळावयाचे, ते पैसेवाल्याच्या हौसेसाठी सैल करावयाचे ठरविले, तर त्या कायद्याचा नैतिक आधारच नाहीसा होईल. ज्याच्या आजोबाने साहेबासाठी हाका घातला, त्याच्या नातवाने आता पाहुण्यांसाठी माग काढावा आणि स्वतः मात्र सशालाही हात लावू नये, ही व्यवस्था पर्यटन वाढवील. वनाविषयी आपुलकी वाढविणार नाही.

मोजावयाचे काय?

याचा अर्थ शेतकऱ्याने मुकाट्याने नुकसान सोसावे, असा नव्हे. उपद्रवी जनावरांना परवानगीने मारण्याची तरतूद कायद्याच्या अकराव्या कलमात आहेच. पण आधाराविना घेतलेल्या निर्णयांचे काय होते, हे बिहारने दाखविले. तेथे नीलगाय उपद्रवी घोषित झाल्यावर २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेंहून अधिक नीलगायी मारल्या आणि केंद्रातील दोन मंत्र्यांतच, प्रकाश जावडेकर व मनेका गांधी यांच्यात, जाहीर वाद पेटला. त्या वादात शेतकऱ्याचे नुकसान किती आणि कळप किती, हे प्रश्न बाजूलाच पडले.

अमेरिकेकडून घेण्यासारखे काही असेल, तर ते तिची हौस नव्हे, तिची मोजणीची शिस्त होय. मिसुरी राज्यात १९८१ साली एक नर मृतावस्थेत सापडला. त्याच्या शिंगांचे गुण ३३३ पूर्णांक सात अष्टमांश भरले आणि वेड्यावाकड्या घडणीच्या शिंगांच्या नोंदीत त्याने पहिला क्रमांक मिळविला. त्याला कोणीही गोळी घातलेली नव्हती. म्हणजे अचूक मोजण्यासाठी मारावे लागत नाही, हे त्या नोंदपुस्तकातच लिहिलेले आहे. मृत हरणाच्या शिंगासाठी जी शिस्त पाळली जाते, ती जिवंत शेतकऱ्याच्या उभ्या पिकासाठी का पाळू नये? गावागावांतल्या कळपांची, नर-माद्यांच्या संख्येसह, दरवर्षी मोजणी व्हावी. मोजणीचे काम आदिवासी तरुणांना वेतन देऊन सोपवावे. माग काढण्याची त्यांची विद्या येथे खरी उपयोगी पडेल. पंचनाम्यांचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. जेथे कळप घटविणे अटळ ठरेल, तेथे प्रशिक्षित नेमबाजांनी सरकारी देखरेखीखाली, आकडा ठरवून, माद्यांचा विचार करून ते काम करावे. त्यात करमणूक नसावी.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये वन्य प्राण्यांनी केलेली पिकांची हानी २०२६ च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजनेत घेण्याचे जाहीर केले. नुकसान ७२ तासांत छायाचित्रासह कळविण्याची अट त्यात आहे. पाऊल योग्य दिशेचे आहे. पण पाड्यावरच्या निरक्षर शेतकऱ्याच्या हाती तो भ्रमणध्वनी कोण देणार आणि ते छायाचित्र कोण पाठविणार, यावर त्याचे यश अवलंबून राहील. तालुक्यातील शिक्षकांनी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी मनावर घेतले, तर ते काम अवघड नाही.

औट्रमने वाघ मोजले. त्या काळी खानदेशात वाघांनी किती माणसे खाल्ली आणि किती गुरे मारली, यांचेही हिशोब सरकारदप्तरी ठेवले गेले. ज्यांनी वाघांपर्यंतची वाट दाखविली, त्यांचा हिशोब मात्र कोणी ठेवला नाही. घाटाचे नाव बदलण्याची घाई करण्याचे कारण नाही. पण त्या घाटाखालच्या शिवारात यंदा किती एकर मका रात्रीतून गेला, हे नेमके सांगू शकणारी एखादी वही तरी तालुक्याच्या ठिकाणी असावी, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.