कवट्यांपलीकडचे मानवशास्त्र



मानवशास्त्र म्हणजे कवट्या मोजणारी वसाहतकालीन विद्या, आजच्या शहराला तिचा उपयोग नाही, हे आपल्या ‘पत्रव्यवहार’ सदरातले मत पटत नाही. वंशश्रेष्ठत्वासाठी या शास्त्राचा गैरवापर झाला, हे खरेच. पण त्याला उत्तरही याच शास्त्रातून मिळाले. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्याच मोजल्या आणि कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंमधील असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा मार्गदर्शकाच्या मताविरुद्धचा निष्कर्ष धैर्याने मांडला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना 1953 साली त्यांचा भारतातील नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ आला. त्यातला एक मुद्दा: मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रातल्या अनेक जातींत सहज मान्य, तर उत्तरेत बहुतेक ठिकाणी निषिद्ध. धर्म एकच असूनही घराची रचना एवढी बदलते, हे घरोघरी विचारल्याशिवाय कळत नाही.

‘हे कळून करायचे काय?’ असा दुसरा आक्षेप. त्याला कोयना धरणाचे उदाहरण पुरेसे आहे. धरणाने विस्थापित झालेल्यांची पाहणी कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली. ती 1969 मध्ये प्रसिद्ध झाली. मोबदल्याची रक्कम सरकारी कागदावर असते. भावकी कुठे विखुरली, अडीअडचणीला कोण धावून येते, हे मात्र माणसांनाच विचारावे लागते. स्वारगेटभोवतीच्या वस्त्यांचे पुनर्वसन आखताना चौरस फुटांच्या तक्त्याशेजारी हे प्रश्नही छापले जावेत, एवढीच माझी मागणी आहे.

— एक वाचक, स्वारगेट, पुणे