घराला रंग, पण कोणासाठी?

एप्रिल उजाडला, गवत पुन्हा हिरवं दिसू लागलं, की मला फोन यायला लागतात. "काका, यंदा घर बाहेरून रंगवायचंय. कुठला रंग लावू?" माटुंग्याच्या यूडीसीटीत रंगांचं रसायनशास्त्र शिकलो आणि पुढे न्यू जर्सीतल्या कारखान्यांत २६ वर्षं तेच केलं. त्यामुळे मंडळात मी ‘रंगवाले काका’ झालो आहे. माझी तक्रार नाही. पण गंमत अशी की विचारणाऱ्याने रंग आधीच ठरवलेला असतो. बेज, नाहीतर फिका करडा. का म्हणून विचारलं तर उत्तरही ठरलेलं: "उद्या घर विकायचं झालं तर अडचण नको."

हा ‘उद्या’ येतो कधी? ‘पाचेक वर्षांत मोठं घर घेऊ’ म्हणून घेतलेल्या घरात पंचवीस वर्षं राहिलेली कुटुंबं आपल्या मंडळात डझनभर निघतील. मुलं त्याच घरातून कॉलेजला गेली, डोहाळजेवणं त्याच डेकवर झाली. आणि एवढी वर्षं घराचा रंग मात्र कधीही न पाहिलेल्या कुणा गिऱ्हाइकाच्या आवडीचा! लाकडावर नीट लावलेला रंग साधारण सात ते दहा वर्षं टिकतो. म्हणजे तुम्ही पंधरा वर्षांनी घर विकणार असाल, तर आज लावलेला रंग त्या गिऱ्हाइकाला दिसणारच नाही. दोन-तीन वर्षांत खरोखरच विकायचं असेल तर बेज लावा, मी काही म्हणणार नाही.

झिलो या कंपनीने २०१८ साली जाहीर केलं होतं, की काळं किंवा कोळशासारखं करडं पुढचं दार असलेली घरं अपेक्षेपेक्षा ६,२७१ डॉलरपर्यंत जास्त भावाने विकली गेली. तेव्हापासून काही जणांनी दारं काळी केली. (काळ्या दारावर झेंडूचं तोरण उठून दिसतं खरं, पण आमच्या आईने उंबऱ्यातूनच परत पाठवलं असतं.) माझा प्रश्न साधा आहे. दाराच्या रंगाचा इतका विचार करणाऱ्या माणसाने स्वयंपाकघर, न्हाणीघर, अंगण हेही नीट ठेवलं असणार की नाही? मग भाव दाराला आला, की घर नीट ठेवल्याला?

पैशांचं बोलायचं तर रंगाच्या छटेने फारसा फरक पडत नाही, तो पडतो रंगाखालच्या कामाने. भिंत धुणं, सुटलेले पोपडे खरवडणं, कुजलेली फळी बदलणं, फटी भरणं, उघड्या लाकडाला प्रायमर लावणं. तीन एस्टिमेट घेतलीत आणि एक फारच स्वस्त निघालं, तर यातलंच काहीतरी गाळलेलं असतं. म्हणून ही कामं एकेक करून लेखी मागा. दुसरीकडे रंगाच्या डब्यात काटकसर करण्यात अर्थ नाही. एक गॅलन सुमारे ३५० चौरस फुटांना एकदा पुरतो. १,७५० चौरस फुटांची भिंत दोनदा रंगवायला दहा गॅलन. गॅलनमागे ३० डॉलर वाचवले तर बचत ३०० डॉलर, आणि मजुरी कित्येक पट. हलका रंग तीन वर्षं आधी उडाला की ती मजुरी पुन्हा द्यायची. राहत्या घराच्या रंगकामावर करात सूट मिळत नाही, आणि निव्वळ रंगवल्याने घराची मूळ किंमतही कागदोपत्री सहसा वाढत नाही. भाड्याने दिलेल्या घराचं वेगळं, तिथे तो साधारणपणे खर्च धरतात; पावत्या जपून अकाउंटंटला दाखवा.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. आपल्यापैकी बरेच जण एडिसन, पर्सिपनी भागातल्या १९५०-६० च्या दशकांतल्या घरांत राहतात. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं घालण्यावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घराला आज वरून कोणताही रंग असो, खालच्या थरांत शिसं असू शकतं. घर १९९६ नंतर घेतलं असेल तर सह्या केलेल्या त्या जाड गठ्ठ्यात याबद्दलचा एक कागद होता, तो बहुतेकांनी वाचलेला नसतो. रंग जागच्या जागी घट्ट बसलेला असतो तोवर फारसा धोका नाही. धोका आहे तो नवा रंग द्यायच्या आधी जुना खरवडताना, कोरड्या पॉलिशकागदाने घासताना, ब्लोटॉर्चने जाळताना. ती धूळ खिडकीच्या चौकटीत बसते, बुटांबरोबर घरात येते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातातून तोंडात जाते. शिशाचं लहान मुलांसाठी ‘इतकं चालेल’ असं सुरक्षित प्रमाण अजून कुणाला सापडलेलं नाही. मेंदूची वाढ, अभ्यास, वागणूक या सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही.

आणि आपल्या घरांत एक खास गोष्ट असते. दक्षिणेकडच्या भिंतीला ऊन चांगलं म्हणून आजी तिथेच मेथी आणि कोथिंबीर लावतात. जुन्या लाकडी घराच्या भिंतीलगतची माती हीच, जिथे वर्षानुवर्षं पोपडे गळून पडलेले असतात. भाजीचा वाफा भिंतीपासून दूर हलवा, किंवा विकतची माती भरून उंच पेटीत लावा.

तेव्हा घर जुनं असेल तर रंगाचं कार्ड हातात घेण्याआधी पोपडा प्रयोगशाळेत तपासून घ्या. पैसे घेऊन अशा घरांवर काम करणाऱ्या रंगाऱ्यांकडे २०१० पासून ईपीएचं प्रमाणपत्र असावं लागतं. ते पाहायला मागायला लाजू नका. "आमचा ओळखीचा आहे, रोख घेतो, स्वस्तात करतो" हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. तो जमिनीवर प्लास्टिक अंथरतो का, पाणी मारून खरवडतो का, हे एकदा उभं राहून बघा. काम चालू असताना नातवंडांना आणि गरोदर सुनेला दुसरीकडे ठेवा.

एवढं झालं की रंग मनासारखा निवडा. आपल्याकडची गेरूची भिंत आठवते? गेरू म्हणजे लोहाचा ऑक्साइड, म्हणून तो उन्हाला दाद देत नाही. आजही डब्यातला तांबूस, मातकट, पिवळसर रंग ऑक्साइडचा असेल तर वर्षानुवर्षं तसाच राहतो. भडक लाल आणि लिंबासारखे पिवळे बहुधा दुसऱ्या प्रकारच्या रंगद्रव्यांचे असतात, ते लवकर विटतात. कार्डामागे एलआरव्ही म्हणून आकडा असतो: शून्याकडे काळा, शंभराकडे पांढरा. आकडा लहान तितकं ऊन जास्त शोषलं जातं. विनाइलचं सायडिंग असेल तर आहे त्यापेक्षा गडद रंग, खास विनाइलसाठी बनवलेला नसेल तर, लावू नका, तापून फुगतं. टाउनहाउसमध्ये राहणाऱ्यांनी असोसिएशनची परवानगी आधी लेखी घ्यावी.

बोटाएवढ्या कार्डावरून मात्र ठरवू नका. मोठ्या भिंतीवर, उघड्या उजेडात तोच रंग बराच फिका आणि भडक दिसतो. दोन फुटांच्या फळीवर दोन हात मारा, ती उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि ढगाळ दिवशी पाहा. छपराचा रंग बदलणार नाही, तेव्हा फळी त्याच्याशी जुळते का तेही बघा. आणि मला विचारायचंच असेल तर फोनवर फोटो पाठवू नका, पडद्यावर रंग खरा दिसत नाही. चहाच्या वेळी बोलवा, फळी तयार ठेवा.