चार सूत म्हणजे बारा मिलिमीटर नव्हे

बॉक्स जॉइंटचा जिग घ्यायचा विचार असेल तर आधी कॅलिपर घ्या. मिस्त्री सुतात बोलतो, राउटर बिट इंचात किंवा मिलिमीटरमध्ये येतो आणि दुकानदार दोन्हींना ‘अर्धा इंची’ म्हणून मोकळा होतो. चार सूत म्हणजे १२.७ मिलिमीटर. या मापाची पिन १२ च्या बिटाने पाडलेल्या खाचेत शिरणारच नाही.

लहान कारखान्यासाठी आमचं मत घरी केलेल्या एका पिनेच्या जिगकडे झुकतं. राउटर टेबलच्या खाचेत सरकणारा पाट, त्यावर गुण्यात उभी केलेली फळी, फळीत पिन. एवढाच त्याचा पसारा. पिन बिटावर छापलेल्या आकड्याला नव्हे, तर त्याने प्रत्यक्ष पाडलेल्या खाचेला जुळवून रंधून घ्या. पिन आणि बिट यांमधलं अंतरही तेवढंच ठेवा. पिन बिटापासून दूर सरकवली की खाचांमधली बोटं जाड होतात आणि सांधा घट्ट बसतो. जवळ आणली की सैल. म्हणून पिनेची फळी स्क्रूने केसभर सरकवता यायला हवी. ही सोय नसलेला जिग कितीही चकचकीत असो, घेऊ नका. सांधा कोरडाच ठोकून बसवावा लागत असेल, तर फेव्हिकॉलमधल्या पाण्याने बोटं फुगल्यावर तो अर्ध्यातच अडकणार.

इन्क्रा कंपनीच्या आय-बॉक्स या तयार जिगमध्ये पिन दोन भागांची असते. ती खाचेच्या रुंदीइतकी उघडते आणि बिटापासूनचं अंतरही त्याच फिरकीत साधलं जातं. युक्ती सुंदर आहे! पण रोज वेगवेगळ्या मापांचे खोके करणाऱ्यालाच ती परवडते. वर्षभर एकाच मापाचे ड्रॉवर काढणाऱ्याने तो खर्च का करावा?

खडवलीसारख्या भातसेकाठच्या गावात पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांनी जिगसाठी एमडीएफ वापरू नये. पावसाळ्यात ओल धरून त्याच्या कडा फुगतात आणि पाट खाचेत अडखळतो. बीडब्ल्यूपी प्लाय घ्या, कडांना सीलर मारा. पिन सागाची, रेषा लांबीत धरून. खोक्याच्या चारही बाजू एकाच दिवशी, एकाच जुळणीवर कापा. जूनमध्ये कापलेली बाजू ऑक्टोबरातल्या बाजूशी नीट जुळेलच असं नाही.

आणि बिट बदलला की मागची फळीही बदला. जुनी रुंद खाच कामाला आधार देत नाही, सागाचे तंतू तिथेच उचकटतात.