गुळाचा चहा, साखरेचा चहा आणि पोटाचा घेर

पुण्यात, नगरला, कोल्हापुरात, अगदी तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेरही आज ‘गुळाचा चहा’ अशी पाटी दिसते. शुगर असलेली माणसं तिथे निर्धास्तपणे दोन-दोन कप घेतात, कारण ‘गुळाचा आहे, चालतो’ ही त्यांची पक्की समजूत आहे. दुसरीकडे अशीही माणसं आहेत, ज्यांनी चहातली साखर कधीच सोडली आणि तिच्याबरोबर मधुमेहाची काळजीही सोडून दिली. दोन्ही समजुतींचं मूळ एकच आहे: मधुमेह साखरेच्या डब्यातून येतो, तेव्हा डबा बदलला किंवा बंद केला की आपण सुटलो. या समजुतीपायी निदान लांबतं, आणि लांबलेल्या निदानाची किंमत डोळे, पाय आणि मूत्रपिंडं यांना मोजावी लागते. म्हणून ती खोडून काढायला हवी.

माझं म्हणणं थोडक्यात असं. प्रौढ वयात होणारा, म्हणजे टाइप २ मधुमेह एका पदार्थावर ठरत नाही. पूर्ण ताट, पोटात साठलेली चरबी आणि स्नायूंना मिळणारं काम या तिन्हींवर तो ठरतो. साखर या हिशोबात आहे, पण ती एकटी नाही.

आधी गुळाचा पक्ष ऐकून घेऊ. गूळ नैसर्गिक आहे, त्यात लोह आहे, आपले पूर्वज तोच खात होते आणि त्यांना शुगर नव्हती, असं सांगितलं जातं. गुळात थोडी खनिजं असतात, हे खरं आहे. पण गुळाचा मोठा भाग सुक्रोजच असतो, म्हणजे साखरेत असतं तेच द्रव्य. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० उष्मांक असतात आणि तेवढ्याच गुळात सुमारे ३८०. कपभर चहात दहा ग्रॅम गूळ घातला, तर साखरेच्या तुलनेत वाचतात फार तर दोन उष्मांक. त्या दहा ग्रॅममधून मिळणारं लोह नगण्य असतं. लोहासाठी हिरव्या पालेभाज्या आणि कडधान्यं आहेत. रक्तात ग्लुकोज वाढतं, तेव्हा ते ढेपेतून आलं की पोत्यातून, याची शरीराला पर्वा नसते. मधाचंही तेच.

राहिला पूर्वजांचा दाखला. पूर्वज गूळ खात होते, पण मोट हाकत, दळण दळत आणि कोसाकोसाची वाट तुडवत. आणि आयुर्वेदाचा आधार घेणाऱ्यांनी चरकसंहितेचं चिकित्सास्थान जरूर उघडावं. प्रमेहाची, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकारांची, कारणं सांगताना चरकाने बसून राहण्याचं सुख, झोपेचं सुख, नवं धान्य यांच्या जोडीला गुळाच्या पदार्थांचाही स्पष्ट उल्लेख केला आहे. त्याच ठिकाणी स्थूल आणि कृश असे दोन प्रकारचे प्रमेही सांगून दोघांचे उपचार वेगळे ठेवले आहेत. म्हणजे परंपरेच्या नावाने जो दावा केला जातो, तो परंपरेलाच मान्य नाही.

आता दुसरा पक्ष. ‘मी गोडाला हातही लावत नाही, मग मला शुगर कशी?’ हा प्रश्न प्रत्येक डॉक्टर रोज ऐकतो. उत्तर ताटात आहे. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी तीन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि वाटीभर वरण-भात, संध्याकाळी चहाबरोबर बिस्किटं, रात्री पुन्हा पोळी-भात. मध्यम आकाराच्या एका पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते आणि त्यात वीसेक ग्रॅम पिष्ट असतं. तीन पोळ्यांचे साठ झाले, वरचा भात आणि बटाटा धरला तर एका बैठकीत शंभर ग्रॅमच्या आसपास पिष्ट पोटात जातं. या ताटात साखरेचा कणही नाही, पण पचल्यावर हे पिष्ट ग्लुकोजच होतं. उपवासाच्या दिवशी तर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वरीचे तांदूळ अशी पिष्टावर पिष्टाचा थर रचला जातो आणि आपण त्याला पोटाला विश्रांती म्हणतो.

हा केवळ माझा अंदाज नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या इंडियाब पाहणीच्या आहारविषयक निष्कर्षांनुसार, जे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, भारतीय माणसाच्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, जी भाकरीवाल्यांनी नीट ऐकावी. एकूण पिष्ट तेवढंच ठेवून पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणलं, तर मधुमेहाची शक्यता कमी झालेली दिसली नाही. पिष्टातल्या पाच टक्के उष्मांकांची जागा डाळी-कडधान्यं, दूध-दही, अंडी किंवा मासे यांच्या प्रथिनांनी घेतली, तेव्हा ती कमी दिसली. ज्वारीची भाकरी उत्तम आहे, तिच्यात तंतू आहेत. पण तीन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या आणि जोडीला तेवढाच भात, हा बदल नव्हे.

म्हणून साखर निर्दोष सुटली, असंही कोणी समजू नये. ३०० मिलिलिटर शीतपेयात तीस ग्रॅमच्या वर साखर असते. ती न चावता, पोट भरल्याची जाणीव न देता दोन मिनिटांत आत जाते, आणि तिच्यातलं फ्रुक्टोज यकृतात जाऊन तिथे चरबी वाढवायला हातभार लावतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांखाली ठेवा, जमलं तर पाच टक्क्यांखाली, असं सांगितलं. पाच टक्के म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम. एक बाटली प्यायली की दिवसाचा कोटा संपला. मुलांच्या हाती रोज अशी बाटली देणं, हे लाड नव्हेत.

तिसरा पक्ष वजनाचा, आणि तिथे आपला सर्वांत मोठा घोटाळा आहे. ‘शुगर जाड्यांना होते, मी तर काटकुळा.’ या समजुतीला उत्तर पुण्याच्याच संशोधनाने दिलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. कोणत्याही तक्त्यात दोघंही सडपातळच. पण चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला जे दिसत नाही, ते असं आत दडलेलं असतं. याची सुरुवात गर्भातच होते, हेही याज्ञिकांच्या गटाने दाखवलं. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, पण आपल्या लहानखुऱ्या बाळांमध्ये कमी होते ते स्नायू, चरबी मात्र बरीचशी राखलेली होती. हातपाय काड्या आणि पोट पुढे, ही आपल्या ओळखीची मराठी देहयष्टी याच वाटेने येते.

पोटातली चरबी नेमकं काय करते? अनेकांचा प्रश्न असतो की, रात्री साधी भाकरी खाऊन झोपलो, तरी सकाळी उपाशीपोटी साखर १४० कशी? ही साखर ताटातली नव्हे, यकृताने रात्रभर तयार केलेली असते. झोपेत मेंदूला ग्लुकोज मिळावं म्हणून यकृत ते रक्तात सोडतं आणि इन्शुलिन त्याला आवर घालतं. यकृतात चरबी साठली की ते इन्शुलिनला जुमानत नाही. तीच चरबी पुढे स्वादुपिंडात साठते आणि इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी मंदावतात. न्यूकॅसलचे रॉय टेलर यांनी हे दुष्टचक्र मांडलं आणि ते उलटं फिरवता येतं का, हे ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीत पाहिलं गेलं. निदान होऊन सहा वर्षं उलटलेली नाहीत आणि इन्शुलिन सुरू नाही, अशा माणसांना काही महिने देखरेखीखाली अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला. वर्षअखेर त्यांच्यातल्या ४६ टक्क्यांची साखर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली आली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा त्याहून अधिक उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. दोन वर्षांनी ४६चे ३६ झाले, कारण वजन परत चढलं. बीएमआय ठीकठाक असलेल्यांमध्येही हा मार्ग चालतो, असं टेलर यांच्या नंतरच्या छोट्या अभ्यासात दिसलं. त्यांना उतरवावं लागलेलं वजन मात्र बरंच कमी होतं.

या निष्कर्षांचा गैरवापरही जोरात चालतो. ‘शुगर मुळापासून बरी’ असं सांगून काढे विकणारे आणि गोळ्या बंद करायला लावणारे लोक याच आशेवर जगतात. साखर आटोक्यात येणं म्हणजे आजार कायमचा जाणं नव्हे. वजन परतलं की तोही परततो. आणि टाइप १ मधुमेह हा वेगळाच आजार आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्शुलिनच्या पेशी नष्ट करते. आठ वर्षांच्या मुलीला तो झाला, की नातेवाईक आईला विचारतात, ‘फार गोड दिलंस का गं?’ त्या आईचा काहीही दोष नसतो. त्या मुलीला इन्शुलिन हवंच. ते थांबवायला सांगणारा माणूस तिच्या जिवावर उठलेला आहे.

महाराष्ट्रात आणखी एक वाद रंगला: डॉ. जगन्नाथ दीक्षितांसारखं दोनदाच जेवायचं, की ऋजुता दिवेकरांसारखं थोड्या थोड्या वेळाने खायचं? घरं या प्रश्नावर दोन तटांत विभागली. माझ्या मते घड्याळ हा दुय्यम मुद्दा आहे. ज्या पद्धतीने तुमचं एकूण खाणं आवरतं, पोट उतरतं आणि जी तुम्ही पाच वर्षं निभावू शकता, ती तुमच्यासाठी योग्य. मात्र इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा कमी करू नयेत. साखर एकदम खाली गेली, तर तेही जीवघेणं ठरतं.

शेवटचा पक्ष दैववाद्यांचा. ‘आमच्या घराण्यातच आहे, होणारच.’ आनुवंशिकता खरी आहे, पण तिचा शब्द अंतिम नाही. डॉ. ए. रामचंद्रन यांनी चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आणि चालणं सुधारल्यावर तीन वर्षांत मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. लक्षणीय बाब अशी की, या लोकांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. चालणारे स्नायू रक्तातलं ग्लुकोज उचलतात, काटा हलो वा न हलो. म्हणून ‘इतकं चालून दोन किलोही कमी झालं नाही’ म्हणून चालणं सोडणाऱ्यांनी ते आज पुन्हा सुरू करावं.

मग करायचं काय? ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबिरीने भरावा. उसळ, घट्ट वरण, दही, अंडं किंवा मासा यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावं. आणि आधी हे खाऊन मग पोळी-भाताकडे वळावं. तेव्हा तीनऐवजी दीड पोळी पुरते. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालावं. आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना जोर पडेल असं काम करावं, मग ते पाण्याच्या बादल्या उचलणं का असेना. पाहुण्याला ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणत तिसरा लाडू वाढण्याचा आग्रह आता थांबवावा; नको म्हणणाऱ्याचं नको ऐकावं, हाच खरा पाहुणचार.

पण सगळा भार एकट्या माणसावर टाकणं अन्यायाचं आहे. रेशनवर दरमहा माणशी पाच किलो धान्य मिळतं, आणि ते मुख्यतः गहू-तांदूळच असतं. डाळ बाजारभावाने घ्यावी लागते. मजुराच्या ताटात भाताचा डोंगर आणि वरणाचं पाणी असेल, तर तो त्याचा आळस नव्हे, त्याचा खिसा आहे. प्रथिनं खा, असं त्याला सांगण्याआधी रेशनवर नियमित डाळ आणि शाळेच्या जेवणात अंडी मिळावीत, ही मागणी आपण शासनाकडे लावून धरली पाहिजे.

इंडियाब पाहणीच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक उंबरठ्यावर आहेत. शेजारच्या गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक. उंबरठ्यावरच्या या माणसांना अजून संधी आहे, पण त्यांतल्या अनेकांना आपण तिथे उभे आहोत हेच ठाऊक नाही. तेव्हा वाचकहो, शिंप्याची टेप घ्या आणि श्वास सोडून पोटाचा घेर मोजा. पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या वर किंवा स्त्रियांचा ८० च्या वर असेल, अथवा आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल, तर काटा काहीही सांगो, या आठवड्यात उपाशीपोटी रक्त तपासून घ्या. १०० च्या आत असेल तर ताट सुधारून तिथेच राखा, १०० ते १२५ असेल तर आजपासून कामाला लागा, १२६ किंवा अधिक असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा.